दोन रकान्यांचा हिशेब

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. नोकरी सोडायची, पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यायचा, चौतीस फुटी जुनी शिडाची बोट घ्यायची आणि तिच्यावरच राहून केरळ, मालदीव आणि पुढे आग्नेय आशिया असा तीन वर्षांचा प्रवास करायचा, हा तुझा बेत मला वेडेपणाचा वाटत नाही, हे आधी सांगतो. तुझ्या वडिलांना तसे वाटते आणि त्यांनी तुझी समजूत काढण्याची गळ मला घातली आहे, हेही लपवत नाही. समजूत काढण्याचे काम मी अंगावर घेतलेले नाही. तक्ता तपासण्याचे घेतले आहे, कारण त्यात मला एक मुळातली चूक दिसते. तू खर्चाचा एक रकाना केला आहेस, धोक्यांचा दुसरा, आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा केला आहेस. बोटीवर ही दोन खाती वेगळी नसतात. बंदरात वाचवलेला पैसा समुद्रात धोका होऊन समोर येतो, आणि त्यावरचे व्याज सावकारालाही लाजवील असे असते.

हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे लहान बोटीच्या इंजिनाबद्दल मला कोण काय शिकवणार, अशी घमेंड होती. निवृत्तीनंतर एका मित्राच्या छत्तीस फुटी बोटीवरून डिसेंबरात आम्ही दोघे मुंबईहून कोचीला निघालो. सुट्या भागांची यादी मीच छाटली आणि त्यात इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर गेला. तळहातावर मावणारे सहा पात्यांचे ते चाक नुकतेच नवे बसवलेले आहे, मग जोड कशाला, असा माझा युक्तिवाद होता. वेंगुर्ल्याच्या खडकांच्या अलीकडे संध्याकाळी वारा पडला, इंजिन सुरू केले आणि पंधरा मिनिटांत तापमानाचा भोंगा वाजला. पंपाचे झाकण उघडले तर दोन पाती मुळापासून तुटलेली, आणि त्यांचे तुकडे पुढे इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले. पाण्याची ओढ आम्हाला सावकाश खडकांकडे नेत होती. अठरा मीटर पाण्यात नांगर टाकला, होती नव्हती तेवढी साखळी सोडली आणि रात्रभर आळीपाळीने तिच्यावर हात ठेवून बसलो, कारण नांगर घसरू लागला की साखळीतली थरथर आधी हाताला कळते, कानाला नंतर. पहाटे जमिनीकडून मतलई सुटली, तेव्हा शीड उभारून आम्ही तिथून बाहेर पडलो. त्या इम्पेलरची किंमत निघण्याच्या आदल्या रात्री मुंबईत आम्ही जेवलो त्या बिलाहून कमी होती.

आता तुझ्या आकड्यांकडे वळतो. बोटीच्या खरेदीला तू सर्वांत मोठा आकडा दिला आहेस, पण खरेदी एकदाच होते. देखभालीसाठी बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी बाजूला ठेवावी, असा एक ठोकताळा बोटवाल्यांमध्ये चालतो. जुन्या, स्वस्तात मिळालेल्या बोटीला मात्र तो लावू नकोस, कारण स्वस्त बोटीची डोलकाठी, शिडे आणि इंजिन काही स्वस्त नसतात. ‘जमले तर चाळीस फुटी’ अशी टीपही तू शेवटी लिहिली आहेस. चौतीस फुटांवरून चाळीस फुटांवर गेलास तर लांबी जेमतेम सहाव्या हिश्श्याने वाढते, पण त्याच घडणीच्या बोटीचे आकारमान दीडपटीहून अधिक होते, आणि शीड, नांगर, साखळी, तळाचा रंग, क्रेनचे भाडे, सगळे त्या मागून वाढते. ती टीप खोडून टाक.

तुझ्या तक्त्यात ‘किरकोळ दुरुस्ती’ या दोन शब्दांत जे दडले आहे, त्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. बोटीच्या तळाला पाणी आत घ्यायला किंवा बाहेर सोडायला जिथे जिथे पाण्याखाली भोक असते, तिथे एक तोटी असते, तिला सी-कॉक म्हणतात. धातूची असेल तर ती सहसा कांस्याची असावी. जुन्या बोटींवर पुष्कळदा कोणीतरी काटकसर करून साध्या पितळेची बसवलेली असते. तू फाउंड्रीवाल्यांच्या गावचा आहेस, तेव्हा पितळ म्हणजे तांबे आणि जस्त हे तुला सांगायला नको. खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. बाहेरून तोटी शाबूत दिसते. चाकूने जरा खरवडली की पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो, आणि तसा दिसला की ती तोटी हातोडीच्या एका टोल्याने तुटू शकते. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंची भोक उघडे पडले तर मिनिटाला साठ ते शंभर लिटर पाणी आत येते. हे पाणी तू हातपंपाने किती वेळ उपसशील, याचा विचार कर आणि मग सर्व तोट्या बदलण्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा ते ठरव.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारांचेही असेच आहे. त्या साधारण दहा-बारा वर्षांनी बदलाव्यात असा रिवाज आहे, आणि विमा कंपन्याही त्यांचे वय विचारतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूत स्वयंपाकघरापुरती ठीक आहे. डेकच्या आत, जिथे ओल राहते पण हवा पोहोचत नाही, तिथे ते कपारीतून कुरतडले जाते. उद्यमनगरात ओतकामाच्या तपासणीला लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी भुकटी मारतात आणि केसाएवढी चीर लाल रेघ होऊन उमटते, ते तू पाहिले असशील. बोट विकत घेण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पोलादी जोडाची तशी तपासणी करून घे. विकणारा नाखूश झाला तर ती बोट सोडून दे.

गॅसबद्दल एकच सांगतो. घरात गळती झाली तर आपण दारे उघडतो आणि उंबऱ्यावरून गॅस बाहेर जातो. एलपीजी हवेहून जड असल्यामुळे बोटीत तो तळाशी जाऊन साचतो, आणि बोटीच्या तळाला दार नसते. सिलिंडरसाठी बाहेरच्या बाजूला निचरा असलेला स्वतंत्र, बंदिस्त कप्पा हवा, आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरचा नॉब बंद, रोज, न चुकता.

धोक्यांच्या रकान्यात तू पहिल्या क्रमांकावर ‘भर समुद्रातले वादळ’ लिहिले आहेस आणि कंसात अभिलाष टॉमी यांचे नाव घातले आहेस. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांच्या बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि ओसिरिस नावाच्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले, हे खरे आहे. त्याआधी २०१२-१३ मध्ये त्यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेली होती, आणि नंतर पुन्हा त्याच शर्यतीत उतरून २०२३ मध्ये ते दुसरे आले, हेही खरे आहे. पण तू त्या अक्षांशांत जाणारच नाहीस. तुझे धोके किनाऱ्याजवळचे आहेत: रात्री दिवे नसलेली जाळी, घसरणारा नांगर, आणि तोल जाऊन पाण्यात पडणे. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते. दोघेच असाल आणि दुसरा झोपला असेल, तर त्याला जाग येईपर्यंत लाटांत तुझे डोके दिसेनासे झालेले असेल. म्हणून रात्री डेकवर पाऊल ठेवायचे ते हार्नेसचा, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्याचा, आकडा बोटीला अडकवूनच.

‘नांगरावर राहणे: फुकट’ असे तू लिहिले आहेस. मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, बोटीच्या लांबीच्या फुटाप्रमाणे भाडे पडते आणि आपल्या देशात कोचीच्या बोलगट्टी बेटासारखी सोय मोजक्याच ठिकाणी आहे, म्हणून तू बहुतेक रात्री नांगरावर काढशील, हे योग्यच आहे. परंतु दहा मीटर पाण्यात साधारण पन्नास मीटर साखळी सोडावी लागते, आणि खोली मोजताना भरतीचे पाणी धरावे लागते. मुंबईत उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्याही वर जातो. वाजवीपेक्षा एक माप मोठा नांगर घे. फुकट झोपेची ती किंमत समज.

विम्याची पॉलिसी पूर्ण वाच, विशेषतः चक्रीवादळाच्या मोसमात बोट कोणत्या पट्ट्याबाहेर ठेवायची ती अट. व्हिसाचेही आधी पाहा. मालदीवमध्ये आपल्याला पोहोचल्यावर मिळतो, सगळीकडे तसे नाही, आणि बोट आधी ठरावीक बंदरातच न्यावी लागते.

यापेक्षा मला जास्त खटकली ती तारखांची रांग. तू प्रत्येक बंदरापुढे दिनांक लिहिला आहेस आणि मित्रांची विमानाची तिकिटेही त्यांवर बेतली आहेस. आपल्या कोल्हापूर-पुण्याएवढे अंतर कापायला अशा बोटीला एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र लागते, तीही वारा अनुकूल असेल तर. पाहुण्याचे तिकीट वाया जाऊ नये म्हणून निघू नये त्या दिवशी निघालेल्या बोटी मी पाहिल्या आहेत. वाया जाणाऱ्या तिकिटांसाठी रक्कम बाजूला ठेव. ती नसेल तर तूच हवामानाचा अंदाज आपल्या सोयीने वाचू लागशील.

आणखी एक रक्कम तुझ्या तक्त्यात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि तुला पुण्याहून आईवडिलांपर्यंत पोहोचता येईना, तेव्हा दिवसातून चार वेळा तू मला फोन करत होतास. तसा प्रसंग तू बेटावर असताना आला तर तिकिटाबरोबरच बोट सुरक्षित बांधून ठेवण्याचे भाडे आणि तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे पैसे लागतील. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेव आणि वडिलांना ते खाते दाखव. त्यांचा निम्मा विरोध तिथे मावळेल असे मला वाटते, अर्थात त्यांना मी चाळीस वर्षे ओळखतो आणि अनेकदा चुकलोही आहे.

बोट यंदा घेऊ नकोस. एक मोसम दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काढ, जमल्यास हैदराबादला हुसेनसागरावर लहान शिडाची होडी हाकायला शिक, आणि दोन महिने डिझेल इंजिनाच्या कामाला दे. त्यातले शेवटचे मी जुळवून आणले आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता उद्यमनगरात माझ्या भाच्याच्या वर्कशॉपवर ये, जुने कपडे घालून. एक समुद्री पंप तिथे खोलून ठेवलेला असेल. तो तुला मदतीशिवाय जोडायचा आहे. येताना तक्ता घेऊन ये, पण दोन रकाने पुसून एकच केलेला.

तुझा,
काका