साडेपाच वर्षांच्या मुलीला नामशेष होत चाललेल्या प्राण्यांबद्दल कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की शाळेनं धोक्यात असलेल्या पाच प्राण्यांची चित्रं चिकटवून आणायला सांगितली आहेत, मुलगी प्रत्येक चित्रावर बोट ठेवून "हा मेला का?" विचारते, आणि तुम्हाला तिला न घाबरवता समजवायचंय. शिवाय पुस्तकं सुचवा म्हणालात. पुस्तकांचं नंतर बघू. मी 'न घाबरवता'पाशीच अडकलोय, कारण याच एका शब्दावरून माझं आणि माझ्या मुलाचं दोन वर्षं बिनसलेलं आहे.

मी बीड जिल्ह्यातला. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. गावोगाव लोक डॉक्टरच म्हणत आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही.

नातू पुण्याला असतो. पहिलीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असाच तक्ता घेऊन आला. पांडा, पांढरं अस्वल, पेंग्विन, वाघ आणि मोर. मोर! आमच्या पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे. आजूबाजूचे शेतकरी मोरांनी पेरलेलं उकरलं म्हणून बोंबलत असतात. मोर धोक्यात नाही. पांडासुद्धा २०१६ साली धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत एक पायरी सुधारला. पण स्टेशनरीच्या दुकानात ज्याचं चित्र मिळतं तोच प्राणी धोक्यात, असा शाळांचा हिशेब दिसतो.

पोरगं म्हणालं, "आबा, यातला खरा कुठला बघितलाय?"

म्हटलं, मोर.

"आणि संपलेला?"

संपलेला म्हणजे काय, ते त्याच्या डोक्यात कितपत होतं कोण जाणे. माझ्या तोंडून गेलं, "गिधाड."

"कुणी संपवलं?"

आता इथं प्रदूषण म्हणता आलं असतं. 'माणसानं' म्हणता आलं असतं. तो सगळ्यांत सोयीचा शब्द आहे, त्यात बोलणारा सोडून सगळे येतात. मी म्हणालो, "मी. म्हणजे माझ्यासारख्या पुष्कळ जणांनी मिळून."

मग सांगावंच लागलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिवाळीच्या आसपास, रात्री एक जण दारात आला. टायरगाडीचा बैल, खांदा सुजून टरटरलेला, मान हलवू देईना. मुकादमाकडून उचल घेतलेली आणि ती कधीच खर्च झालेली, पहाटे ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याला निघायची. "काय बी करा डॉक्टर, सकाळी तेवढा उठला पाहिजे." मी पंधरा मिली डायक्लोफिनॅक, म्हणजे सूज-दुखणं उतरवणारं औषध, मानेत टोचलं. सकाळी बैल उभा, समोर टाकलेला कडबा खातोय. त्या माणसानं माझे पाय धरले. त्या काळात हे औषध नवीन होतं, स्वस्त होतं आणि असं लागू पडायचं की आपल्या हाताला गुण आहे असंच वाटायचं. लंगडणारा बैल, ताप आलेली म्हैस, कास सुजलेली गाय, सगळ्यांना तेच. माझ्या पिशवीत दुसरं काही नसलं तरी ते असायचंच.

पण सगळीच जनावरं वाचत नाहीत. टोचल्यावर दोन-तीन दिवसांत जे मरायचं, त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडात औषध शिल्लक असायचं. ते ओढ्यापलीकडच्या माळावर टाकलं जायचं. कातडं काढून झालं की गिधाडं उतरायची. मी नोकरीला लागलो तेव्हा एका बैलावर चाळीस-पन्नास बसलेली पाहिली आहेत. पाऊण तासात सांगाडा, वासाचं नाव नाही. ते मांस पोटात गेलं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो आणि काही दिवसांत मान खाली लोंबून पक्षी फांदीवरून पडतो. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की दरवर्षी कमी उतरतायत. आम्ही म्हणायचो, चिंचा-लिंब तुटले, गेली असतील दुसरीकडं. गावात तर कुणाला वाईटही वाटलं नाही. गिधाड अशुभ, घरावर बसलं तर शांती करणारे लोक आम्ही! मग एक दिवस लक्षात आलं की माळावर मेलेलं जनावर आठ-आठ दिवस फुगून पडतंय आणि त्यावर कुत्री आहेत. नुसती कुत्री.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएस या मुंबईच्या निसर्गसंस्थेच्या विभू प्रकाशांनी नव्वदच्या दशकातच गिधाडं कमी होताना नोंदवली होती. औषधाचं नाव मात्र पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून २००४ साली जगापुढं आलं. २००६ साली आपल्याकडं जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. खरं सांगतो, त्यानंतरही वर्ष-दीड वर्ष ते माझ्या पिशवीत होतं. माणसांच्या औषधाची ३० मिलीची बाटली कुठल्याही दुकानात मिळायची, तीच जनावराला पुरायची. मेलॉक्सिकॅम हे तसलंच दुसरं औषध गिधाडांना चालतं हे माहीत झालं होतं, पण ते उशिरा लागू पडतं अशी आमची समजूत, आणि पशुपालकाला सकाळी बैल उभा पाहिजे. माणसांसाठीची कुपी ३ मिलीपुरतीच ठेवायचा नियम २०१५ साली झाला, तेव्हा ती पळवाट बुजली. (आता माझ्याच गुडघ्याला त्याच औषधाची गोळी लिहून देतात. घेतो.)

यातलं नातवाला किती सांगितलं? बैल, इंजेक्शन, माळ, गिधाड. एवढंच. साल नाही, औषधाचं नावही नाही. मग किती गेली ते सांगायचं होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातून एक उरली. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के म्हटलं तर पोराला काय कळणार? त्याला शंभरापर्यंत मोजता येत होतं. परातीत ज्वारी घेतली आणि शंभर-शंभर दाण्यांचे दहा ढीग करायला बसवलं. सकाळचे दोन तास गेले, दोनदा रडला, एक ढीग कोंबडीनं खाल्ला, तो परत मोजला. दहा ढीग झाल्यावर मी सगळे दाणे पोत्यात लोटले आणि एक त्याच्या हातावर ठेवला. तो बराच वेळ हाताकडं बघत बसला. मग विचारलं काय, तर "आबा, बैल बरा झाला का पण?"

हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. म्हटलं, झाला. त्या वर्षी कारखान्याला गेला, परत आला.

"मग तुम्ही चांगले का वाईट?"

म्हटलं, चल, बीडला जाऊ. तिथं जटाशंकराचं देऊळ आहे. सीतेसाठी रावणाशी लढून जखमी झालेला जटायू तिथं पडला अशी आमच्याकडची कथा. देवळात त्याला ती सांगितली, बाहेर येऊन दोघांनी वर बघितलं. घारी होत्या, कावळे होते. त्यानं विचारलं, उरलेली कुठं आहेत? सांगितलं, हरियाणात पिंजोर म्हणून गाव आहे, तिथं पिंजऱ्यात वाढवतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळं वेळ लागणार. बास. उसाचा रस पिऊन घरी आलो.

भांडण झालं ते जूनमध्ये. शाळा उघडली, बाईंनी सुट्टीत काय केलं विचारलं आणि आमचे नातू उभे राहून म्हणाले, "माझ्या आबांनी गिधाडं संपवली." बाईंनी घरी फोन केला. मुलानं मला केला. "बाबा, सहा वर्षांच्या पोराला हे सांगायची काय गरज होती? त्याला सांगायचं की झाडं लावा, पाणी वाचवा, प्राण्यांवर प्रेम करा." मी म्हटलं, आम्ही प्रेमच करत होतो की जनावरांवर. गिधाडं त्या प्रेमानंच मेली. त्यावर तो म्हणाला, तुमच्या मनावरचं ओझं पोराच्या खांद्यावर ठेवू नका.

माझा एक जुना सहकारी तर म्हणतो, ओझं कसलं? कंपनीनं बनवलं, सरकारनं परवानगी दिली, आपण टोचलं. दोष कुणाचा? त्याचं अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच मला ते पटत नाही. सगळे बरोबर होते आणि माळ रिकामा झाला. मुलांना शिकवायचं असेल तर हेच शिकवायला पाहिजे. आपल्या शाळांच्या गोष्टींत जंगलात बंदूक घेऊन एक मिशीवाला दुष्ट शिकारी येतो. पोरांना वाटतं, आपल्याला मिशी नाही, आपला काही संबंध नाही.

तर तुमच्या मुलीसाठी. पाच प्राणी नकोत, एक घ्या. तुम्ही किंवा तुमच्या आईवडलांनी डोळ्यांनी पाहिलेला. आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, माळढोक, तरस, लांडगा, खवल्या मांजर, काही तरी निघेलच. चित्र तुमच्याच हातानं काढा, वाकडंतिकडं चालेल. कुणी मारलं विचारलं तर नाव घ्या: रस्ता, विजेची तार, विहीर, औषध. 'माणूस' म्हणू नका. आणि 'तूच आता वाचवायचंस' हे तर बिलकूल म्हणू नका, आपण पन्नाशीत ज्यांना हात लावत नाही ती कामं पोरांच्या गळ्यात कशाला? तुम्ही संभाजीनगरच्या आहात म्हणून सांगतो, २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ चालत चालत तुमच्या शेजारी, कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात येऊन राहिला. शेतं, रस्ते, नाले ओलांडत, बहुतेक रात्रीचा. नकाशावर टिपेश्वर ते कन्नड बोट फिरवून दाखवा. पांडापेक्षा जास्त वेळ ऐकेल. हिवाळ्यात जायकवाडीला पक्षी बघायला न्या, पण तिथं 'हे सगळे संपणार' असलं रडगाणं लावू नका. बघू द्या नुसतं.

एक लिहायचं राहिलं. नातू त्या सुट्टीत तीन रात्री झोपेतून उठला. मला इंजेक्शन देणार का, म्हणून आजीला विचारत होता. ही गोष्ट मी मुलाला अजून सांगितलेली नाही, आता वाचेल. त्यामुळं फांदीवरून पडणारं गिधाड मी पाच वर्षांच्या पोरीला सांगणार नाही, सात-आठपर्यंत थांबेन. ज्वारी मोजायला हरकत नाही. आणि गोष्टीत इंजेक्शन असेल तर ते पोराला ताप आलेल्या आठवड्यात सांगू नका, माझी ती चूक झाली. जनावरं पाळणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: २०२३ साली जनावरांच्या केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही बंदी आली आहे. ॲसिक्लोफिनॅकचं जनावराच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. दुकानदार काहीही सांगू दे, मेलॉक्सिकॅमच मागा.

पुस्तकांचं मला विचारू नका, माझं वाचन औषधांच्या खोक्यांवरचं.

प्रकल्प कधी द्यायचाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. उद्याच असेल तर दुकानातला पांडा चिकटवा आणि मोकळ्या व्हा. बाकीचं सुट्टीत करा.