प्रपोजल पाठवायच्या आधी ते वाचतं कोण?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सोलापुरात एका कॉलेजात झूलॉजी शिकवते, नऊ वर्षं झाली. विडी वळणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसावर तंबाखूच्या धुळीचा काय परिणाम होतो यावर मला काम करायचंय, माझी आई विडी वळायची म्हणून हा विषय डोक्यातून जातच नाही. संशोधनाला निधी मिळावा म्हणून दोनदा प्रपोजल पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं, दुसऱ्यांदा शेरा एकच ओळीचा, उद्दिष्टं नेमकी नाहीत म्हणून. आता प्राचार्य म्हणतायत एक दिवसाचं ग्रँट रायटिंग वर्कशॉप घेऊ, पुण्याहून कुणाला तरी बोलवू. त्याने खरंच काही होतं का? अमेरिकेत प्राध्यापकांना हे रीतसर शिकवतात म्हणे, ते कसं? का हे मोठ्या संस्थेतल्या लोकांचंच काम आहे? घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच आहे.

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण बाकीचं सगळं त्यातच अडकलंय. नाही, हे मोठ्या संस्थेतल्या लोकांचंच काम नाही. पण त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी तुमच्याकडे नाही, शेजारच्या खोलीतला माणूस. तो जेवणाच्या सुट्टीत मसुदा वाचतो आणि म्हणतो, हे दुसरं उद्दिष्ट काढून टाक, पहिलं फसलं तर हे पण फसणार. तुमचं प्रपोजल पहिल्यांदा वाचलं ते थेट ज्यांनी नाकारायचं त्यांनीच, त्याआधी कुणीच नाही. माझं पहिलं प्रपोजल असंच गेलं होतं, पोचपावतीसुद्धा मी किती दिवस जपून ठेवलेली. तिसऱ्या वेळी दुसऱ्या गावच्या एका सरांनी पेन्सिल घेऊन माझ्यासोबत बसून चार तास ते वाचलं, आणि तेव्हा मला कळलं की हे सुतारकामासारखं हातानं शिकायचं असतं.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे 2011 मधे सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला, त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे म्हणजे एनआयएचकडे 2000 ते 2006 मधे आलेल्या 83 हजारांवर अर्जांचा. शिक्षण, अनुभव, पेपर सगळं जमेस धरून सुद्धा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांना ग्रँट मिळायचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा 10 टक्के पॉइंटनी कमी निघालं. मग 2014 पासून एनआयएचच्या पैशातून एक राष्ट्रीय मेंटॉरिंग नेटवर्क, म्हणजे अनुभवी लोकांनी नव्यांना हात धरून पुढे न्यायचं जाळं, उभं राहिलं. त्यात ग्रँट लिहिणाऱ्या प्राध्यापकांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एक अनुभवी कोच दिला, सुरवातीला एकत्र बसायचं आणि मग कित्येक महिने ऑनलाइन भेटत राहायचं, कुणी पान वाचून दाखवतंय, बाकीचे अडवतायत, असं. काही गटांत शेवटी खोटी-खोटी परीक्षण समिती पण बसवतात.

एवढं लांबचं का सांगतेय, तर 2019 मधे अजून एक गोष्ट पुढे आली ती तुमच्याच कामाची आहे. या दोघांतल्या फरकाचा एक भाग विषयाच्या निवडीमुळे होता, कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ वस्तीतल्या, समाजातल्या आरोग्याचे विषय जास्त घेत होते आणि तसल्या विषयांना एकूणच कमी पैसा मिळत होता. म्हणजे संशोधन कोण करतं यावर संशोधन कशावर होतं ते ठरतं. विडी वळणाऱ्या बाईच्या खोकल्याचा प्रश्न तिच्याच लेकीला पडणार ना. म्हणून तुम्ही हे सोडू नका, मी मनापासून सांगतेय.

आता तुमचं उद्दिष्ट बघू. तुम्ही लिहिलंय, "विडी कामगार महिलांच्या आरोग्यावर तंबाखूच्या धुळीच्या परिणामांचा अभ्यास करणे." आरोग्य म्हणजे काय, फुफ्फुस, त्वचा, डोळे, बाळंतपण? किती बायका, कोणाशी तुलना? वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा, "किमान 10 वर्षं घरी विडी वळणाऱ्या 35 ते 55 वयाच्या बायका एका श्वासात पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर फेकू शकतात हे स्पायरोमीटरने मोजून, ज्या घरात कुणीच विडी वळत नाही अशा घरातल्या त्याच वयाच्या बायकांशी तुलना करणे." "ज्या घरात कुणीच वळत नाही" हे शब्द महत्वाचे, कारण सूप मांडीवर घेऊन सून वळत असते तेव्हा धूळ सासूच्या पण नाकात जाते, मग सासूला तुलनेच्या गटात घेऊन चालणार नाही. मिशरीचं काय? मिशरी लावणाऱ्या बायका दोन्ही गटात सापडणार, त्या वेगळ्या मोजाव्या लागतील. आणि चुलीचा धूर. हे तीन प्रश्न समिती विचारणारच, तुम्ही ते आधीच प्रपोजलमधे विचारून उत्तर देऊन टाकलंत की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, फक्त कागदावर आलेलं नाही. संमतीपत्र मराठीसोबत तेलुगूत पण लागेल हे सोलापूरबाहेरच्या माणसाला सुचणार नाही, ते बजेटमधे भाषांतराच्या खर्चासकट लिहा.

वर्कशॉप घ्या, पण पहिला दिवस म्हणून घ्या. त्याच दिवशी पाच-सहा जणांचा गट ठरवा, विषय वेगवेगळे चालतील, उलट बरंच, न कळणारा वाचक सगळ्यात उपयोगी. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दोन तास, एका वेळी एकाचंच एक पान. सहा महिने. "छान आहे" म्हणायचं नाही असा नियम करा, प्रत्येकाने न कळलेलं एक वाक्य तरी दाखवायचं. आपल्या सिव्हिलच्या मेडिकल कॉलेजमधला एखादा छातीरोगाचा डॉक्टर गटात आला तर सोन्याहून पिवळं, तो सहसंशोधक होऊ शकतो. आणि एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं, आधी बघा, कॉलेजकडे स्वतःची नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करता येतो. हे राहिलं की बाकी सगळं जमलेलं असून अडतं.

योजनांपैकी टेअर (TARE) ही केंद्र सरकारची शिक्षकांसाठीची संशोधन योजना बघा, त्यात कॉलेजच्या शिक्षकाला नोकरी न सोडता वर्षातले काही दिवस आयआयटी, आयसरसारख्या ठिकाणी जाऊन काम करता येतं. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडणारी पेअर (PAIR) ही केंद्राची योजना 2024 मधे आलीय, आपल्या विद्यापीठात त्याची चौकशी करा. अटी बदलत असतात, चालू जाहिरात नीट वाचूनच अर्ज करा.

आणि मोठं काम इथून होत नाही असं वाटलं तर बार्शी आठवा. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मधे बार्शीत सुरू झाली. तिथल्याच कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी इतरांसोबत शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गावोगाव जाऊन 1,31,746 बायकांचा अभ्यास केला आणि 2009 मधे जगाला दाखवलं की एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणी केली तरी त्यामुळे होणाऱ्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास येतात. आपल्या गावाकडच्या बायकांचे आकडे आहेत ते.

प्रश्न : माझ्याकडे पाच विद्यार्थी पीएचडी करतायत, वीस वर्षं गाईड आहे. आता विद्यापीठात मेंटॉर ट्रेनिंगची चर्चा आहे. गाईडला परत काय शिकायचं असतं?

उत्तर : सर, गाईड प्रबंधाला असतो, मेंटॉर माणसाला. अमेरिकेत 16 ठिकाणी मेंटॉर आणि शिकणाऱ्यांच्या 283 जोड्या घेऊन चाचणी झाली, निम्म्या मेंटॉरना आठ तासांचं ट्रेनिंग दिलं, आणि ट्रेनिंग घेतलेल्यांच्या कामात जास्त सुधारणा दिसली. त्यात शिकवतात काय, तर अपेक्षा आधीच बोलून घेणं, समोरच्याला खरंच कळलंय का ते तपासणं, हळूहळू हात सोडणं. साधं वाटतं पण आपल्याकडे "मी सांगितलं होतं" आणि "सरांना कसं विचारू" यात वर्ष जातं. अक्कलकोटहून एसटीने येणारी मुलगी साडेपाचला लॅबमधून निघते तिला काम नकोय असं आपण धरून चालतो, तिची गाडी चुकली की घरी काय होतं ते विचारत नाही. पाचही जणांना एकेकटं बसवून अर्धा तास एवढंच विचारा, माझ्याकडून तुला काय हवंय आणि काय मिळत नाही. पहिल्यांदा कुणीच बोलणार नाही. महिन्याने परत विचारा. आणि वरच्या ताईंच्या गटाला वाचक हवाय, तुमचा विषय बायोकेमिस्ट्री आहे ना, तर पहिलं पान तुम्ही वाचाल का? हो असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा, मी दोघांची गाठ घालून देते.