रंकाळ्यावर रात्री दिसलेला तरंगता दिवा पॅसिव्ह रडारनं पकडता येईल का?

विमानासारखं मोठं काही असेल तर येईल की भावा, पण तो यूएफओ आहे का, हे रडार सांगणार नाही. पॅसिव्ह रडार स्वतः लहरी सोडत नाही. आकाशवाणीच्या एफएम लहरी वस्तूवर आपटून येतात, त्या ऐकतं. १९३५ साली इंग्लंडात डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या लहरींवर विमान असंच टिपलं होतं.

एक अँटेना टॉवरकडे, दुसरा आभाळाकडे. दोन्हींतला उशीर आणि डॉप्लर, म्हणजे वस्तूच्या वेगामुळे लहरीच्या वारंवारतेत पडलेला फरक, मोजायचा. खरी डोकेदुखी टॉवरच्या थेट सिग्नलची, त्यात बारीक प्रतिध्वनी बुडून जातो. म्हणून आभाळाकडचा अँटेना टॉवर समोर येणार नाही अशा आडोशाला लावलेला बरा. एका टॉवरवर नेमकी जागा कळत नाही, दोन-तीन लागतात.

एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, त्यामुळे छोटा ड्रोन निसटतो. आणि लग्नात सोडलेला कागदी कंदील असला, तर पडद्यावर शून्य!