तबला पुढे पळतो? आधी कात्री खाली ठेवा

तुम्ही लिहिलंय की आवाज घरी रेकॉर्ड केला, मित्राने तो कानात ऐकत तबला वाजवून फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलं, पहिली सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चपखल बसते आणि सहाव्या मिनिटाला तबला गाण्याच्या पुढे निघून जातो. वाचलं आणि माझ्या त्या तीन रात्री आठवल्या. मी साउंड इंजिनियर नाही, बँकेतली नोकरी सांभाळून अभंग गाते. तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

मित्राला बोल लावू नका. त्याने गाणं ज्या यंत्रावर ऐकलं त्याचं आतलं घड्याळ आणि ज्या फोनवर तबला रेकॉर्ड केला त्याचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, एवढंच. माझ्याकडे नऊ मिनिटांत ८० मिलिसेकंदांचा फरक पडला होता. (४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ या दोन सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्याचा, घोळ असता तर लगेच कळलं असतं. पेटीच्या काळी एक पट्टीत लावलेला तबला पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी बोलला असता.) निम्म्या गाण्यापाशी निम्मा फरक दिसतो का बघा. एकदम उडी दिसली तर फोनने मधला तुकडा गाळलाय, त्याला पुढचा उपाय लागू नाही.

मी काय केलं? प्रत्येक समेवर तबला कापला आणि सरकवला. भजनी ठेका, आठ मात्रा, सव्वाशेच्या वर काप! डग्ग्याची आस (घुमत राहणारा नाद) समेपलीकडे जाते हे डोक्यातच आलं नाही. दर जोडावर ‘टक्’. मग ते टक् झाकायला क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं), मग काही ठिकाणी दोन ‘धा’ एकावर एक. आणि हे सगळं मूळ फाइलवरच सेव्ह केलं. माझा तबला वाजवणाऱ्या मामेभावाला पुन्हा पाठव म्हटलं, तर त्याने फोन रिकामा केलेला. शेवटी एका स्टुडिओत पैसे भरून दिलं, तर त्यांनी ठेका मेट्रोनोमच्या (एकसारख्या ठोक्यांच्या यंत्राच्या) चौकटीत ठोकून बसवला. शेवटच्या गजराला लय चढायला हवी ना? ती गेलीच. वर कच्च्या फाइली मागितल्या तर ‘आम्ही देत नाही’.

खरं तर काम दोन मिनिटांचं होतं. पूर्ण तबल्याचा वेग किंचित बदलायचा, शेवटची सम जुळेपर्यंत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलायची सोय आहे. रीपर हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर, त्यात ऑल्ट दाबून तबल्याच्या तुकड्याची कडा ओढा, पण स्वर कायम राखण्याची खूण काढून टाका. इतक्याशा फरकाने स्वर हलला तरी कानाला कळत नाही. उलट स्वर राखायला गेलात तर चाटीच्या (तबल्याच्या कडेवरच्या) बोलाची धार बोथट होते. निदान मला तरी तसं वाटतं.

पुढच्या वेळी गाण्याच्या आधी आणि नंतर एकेक टिचकीचा आवाज घाला आणि मित्राला सांगा, त्या दोन्ही वेळी इयरफोन रेकॉर्डिंगच्या फोनच्या माइकला लाव. मग जुळवायला दोन खुणा मिळतात. आणि फाइल व्हॉट्सॲपवर घ्यायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून घ्या. पंखा बंद करायला सांगा, हे वेगळं सांगायला नकोच. माझ्या भावाने तोही चालू ठेवला होता.