५६ फ्लॅट, ९ माणसं

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय ३४, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. कंपनीनं मला सहा आठवड्यांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं होतं. आता ९० दिवसांत एक प्रकल्प करून तो सादर करायचा आहे. मी आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं ठरवलं. अध्यक्ष ‘करा की’ म्हणाले. मी २२ स्लाइड केल्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, सभा बोलावली. ५६ फ्लॅटमधून ९ जण आले, त्यातले दोघं पार्किंगचं भांडायला. २० दिवस गेले आणि जानेवारी संपत आला. विषय बदलू का?

उत्तर : नको. स्लाइड मात्र बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. उद्दिष्ट आहे, वेळापत्रक आहे, रंगीत तक्ताही आहे. कचरा रोज कोण ढवळणार, तेवढं नाही.

तुम्हाला हसायचा मला हक्क नाही. मी भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. १९९४ साली पाच दिवसांचं असंच शिबिर करून आलो आणि स्टोअरमध्ये फळा लावला, प्रत्येक पान्याची आकृती रंगवून. पंधरा दिवसांत फळ्यावर नुसत्या आकृत्या उरल्या. मी मीटिंग घेतली, मोठ्या अक्षरात सूचना चिकटवली, दोघांना झापलंसुद्धा. मग एकदा चहा पिताना स्टोअरचे काका म्हणाले, “साहेब, सहानंतर स्टोअरला कुलूप लागतं. दुसऱ्या पाळीनं पाना ठेवायचा कुठं?” पोरं पाने आपापल्या लॉकरमध्ये ठेवून घरी जात होती. दुसरं करणार काय? मी त्या पाळीतल्या एकाशीही आधी बोललो नव्हतो.

तेव्हा पहिला आठवडा फक्त विचारण्यात घालवा. सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा, हे काम वाढलं तर जमेल का आणि त्याचे किती घ्याल. फुकटात होणार नाही, होऊही नये. मग रोज दारावर येणाऱ्या कचरावेचक ताईंशी बोला. स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत काम करते. तिच्या सभासद घरोघरचा कचरा उचलतात आणि त्यातलं भंगार विकून आलेले पैसे त्यांचे असतात. ओला कचरा तुम्ही आवारातच जिरवलात तर त्यांचं ओझं हलकं होईल, पण उत्साहाच्या भरात सुका कचराही ‘आपणच विकू’ असं कुणीतरी समितीत म्हणेल. तिथे आडव्या पडा. त्यांच्या पोटावर पाय देऊन पर्यावरण कशाला?

५६ घरांचा नाद सोडा. एका जिन्यातली आठ घरं धरा, शक्यतो जी सभेला आली होती ती. आठवडाभर ओला कचरा रोज वजनकाट्यावर तोला आणि वहीत लिहा. तुम्ही अकाउंट्सवाल्या, हे तुम्हाला सांगायला नको. मग भोकं पाडलेले दोन ड्रम घ्या. एक भरला की तो कुजू द्यायचा आणि दुसरा सुरू करायचा. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा जरा जास्तच सुका पाला घाला. वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. त्यावर औषध एकच : पाला टाका, ढवळा. तुमचं नशीब असं की पानगळीचे दिवस आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक पाला झाडून जाळतात (ते बेकायदा आहे, हे कुणाच्या गावीही नसतं). तो पोत्यांत भरून ठेवा. पावसाळ्यात कोरडा पाला मिळत नाही, आणि खताचे पुष्कळ प्रयोग जुलैत घाण सुटून बंद पडतात. पोती नि ड्रम दोन्ही छपराखाली हवेत.

खत तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. तुमच्या हातात ७० दिवस आहेत, त्यातले दोन आठवडे विचारण्यात आणि तोलण्यात जातील, म्हणजे सादरीकरणाच्या दिवशी झालाच तर जेमतेम एक ड्रम होईल. ‘इतके किलो खत’ असं आकड्याचं वचन देऊ नका. वही दाखवा. वासाची पहिली तक्रार किती तारखेला आली, कुणाची आली, तुम्ही काय केलंत, हे सांगा. परीक्षकांना नाही आवडलं तर नाही.

मावशींचे पैसे पहिले तीन महिने आठ घरांनी वाटून द्या. त्यासाठी समितीचा साधा लेखी ठराव करून घ्या. अध्यक्षांचं ‘करा की’ पुढच्या अध्यक्षांना बंधनकारक नसतं. कायमची तरतूद वार्षिक सभेत होईल, आणि ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. खजिनदार कुरकुरले तर त्यांना आठवण करून द्या की गांडूळखत प्रकल्प चालू ठेवला तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. ड्रममधलं खत त्यात बसतं का, ते आधी विचारून घ्या. मात्र ती मिळते चालू प्रकल्पाला, उद्घाटनाच्या फोटोला नाही.

आणि पार्किंगवाले दोघं. ड्रम कुठं ठेवणार आहात? आराखड्यातल्या नकाशात मला तर ते पार्किंगच्या भिंतीलगत दिसताहेत. रविवारी सकाळी आधी त्यांच्याकडे जा.