रोज स्कूटरवरून पर्वरी-पणजी ये-जा असते, डोळ्यांसाठी साधा काळा गॉगल पुरतो का?

नाही, नुसती काच काळी असून भागत नाही. गॉगल ‘यूव्ही ४००’ हवा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारा. मी म्हापशात चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर ते उलट जास्त आत शिरतात. आपल्याकडे ऊन काही फक्त वरून लागत नाही: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, समुद्राचा फेस तर २५ टक्के. त्यात स्कूटरवर वारा नि धूळ. वर्षानुवर्षं असं चाललं की नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर गुलाबीसर मांसल पडदा सरकू लागतो. त्याला टेरिजियम म्हणतात. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, डोळ्यांत तो मी कितीदा पाहिलाय, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. घेताना:

- कानशिलाकडूनही झाकणारी, चेहऱ्याला लागून बसणारी फ्रेम बघा.
- ‘पोलराइज्ड’ने पाण्यावरची चकाकी कमी होते, पण यूव्हीचं संरक्षण ही वेगळी गोष्ट, ते विचाराच.
- दुकानात यूव्ही मीटर असेल तर काच समोर तपासून मागा, मिनिटभराचं काम आहे.

ढगाळ दिवशीही घाला. अंधार पडल्यावर मात्र गडद काच नको, साधी पारदर्शक लावा. एक लक्षात घ्या, पडदा आधीच दिसत असेल तर गॉगलने तो मागे हटत नाही. तो बाहुलीपर्यंत पोचायच्या आत नेत्रतज्ज्ञांना दाखवा.