दिवाळीपासून बंद ठेवलेला ब्रश कटर सुरू होत नाही. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे असं होतं का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत गवत काढून झाल्यावर ब्रश कटर तसाच ठेवून दिला, टाकीत अर्धं पेट्रोल होतं, आणि आता पावसाच्या तोंडावर दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी तो भुरभुरतो आणि बंद पडतो. मेकॅनिक म्हणाला, इथेनॉलने कार्ब्युरेटर खाल्ला, नवीन टाका. माझं चिपळूणजवळ ब्रश कटर, पॉवर वीडर, फवारणी पंप दुरुस्त करायचं काम आहे, म्हणून सांगतो: त्याने सांगितलेलं कारण बरंचसं खरं आहे, पण नवीन कार्ब्युरेटरची घाई करू नका. आधी जुना उघडून बघा.

टू-स्ट्रोक ब्रश कटरच्या कार्ब्युरेटरमध्ये बहुतेक वेळा फ्लोट नसतो, पातळ रबरी डायफ्राम असतो. झाकणाचे स्क्रू काढा आणि डायफ्राम बोटाने दाबून बघा. तो अलगद लवला पाहिजे. जुन्या पेट्रोलात महिनोन्‌महिने राहिलेला डायफ्राम ताठ होतो, कधी फुगून त्याला सुरकुत्या पडतात. त्याच्या खालची बारीक सुई चिकट तपकिरी थरात अडकलेली सापडेल. कार्ब्युरेटरच्या धातूवर पांढरट भुकटी दिसली तर पाणी आत गेलं होतं असं समजा. धातू खड्डे पडून खराब झाला नसेल तर साफसफाई आणि डायफ्रामचं किट एवढ्यावर काम भागतं. टाकीतली पेट्रोलची नळीही हातात घेऊन वाकवून बघा. चिरली किंवा लिबलिबीत झाली असेल तर बदला.

आता इथेनॉलचं. २००१ साली ते पेट्रोलात मिसळण्याचे पहिले प्रयोग आपल्याकडेच मिरज आणि मनमाडला झाले. २००३ मध्ये पाच टक्क्यांनी कार्यक्रम सुरू झाला, २०२२ मध्ये दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस. उसाला त्यातून आधार मिळतो, त्याला माझा विरोध नाही. पण वीस टक्क्यांचा विचार झाला तो मोटारी आणि दुचाक्यांचा. गवत कापणाऱ्याच्या मशीनचा कोणी केला असं मला दिसत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेत पंधरा टक्के इथेनॉलचं पेट्रोल २००१ आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या मोटारींनाच चालतं; लॉन मोवर, चेन सॉ, बोटी यांना मनाई आहे आणि पंपावर तसं लेबल लावावं लागतं. आपल्याकडे छोट्या इंजिनांच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं आहे. तुमचं काढून वाचा.

बंद मशीनमध्ये बिघडतं ते तुम्ही पाहिलंच. चालू मशीनमध्ये होणारं नुकसान मात्र लवकर लक्षात येत नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. मिश्रणाला हवा कमी लागते, पण तुमच्या कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तेवढाच राहतो. नव्या मोटारीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. ब्रश कटरला कोण सांगणार? तो लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, तापतो, आणि भर उन्हात कापत राहिलात तर पिस्टन धरतो. ओळखायचं कसं? फुल रेसवर, पातं हवेत असताना आवाज किंचित अडखळता हवा. एकसुरी किंचाळल्यासारखा चढत असेल, किंवा थोडा चोक लावल्यावर मशीन बरं चालत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा, पांढरा नको. कार्ब्युरेटरवरचा एच लिहिलेला स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा उघडा आणि पुन्हा ऐका. तुम्हाला कान नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या.

पाण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये नुसत्या दमट हवेने पेट्रोल फाटत नाही, त्याला फार वेळ लागतो. पाणी शिरतं ते पागोळीखाली ठेवलेल्या कॅनमधून, सैल झाकणातून. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतं, आणि टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळायचं ऑइल, वरच्या पेट्रोलात राहतं. म्हणजे इंजिनाला ऑइलशिवायचं पाणी-इथेनॉल मिळतं. असं पेट्रोल कुठल्याही बाटलीतल्या औषधाने परत एकजीव होत नाही, टाकून द्या.

पंपावरचं पेट्रोल किती टक्क्यांचं आहे ते तपासायचं असेल तर मोजपात्रात ८० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घालून हलवा. पाच-दहा मिनिटांनी खालचा थर ३६ मिलीच्या आसपास आला तर ते वीस टक्के. पण असं इथेनॉल धुऊन काढलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका. त्याचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळायची क्षमता, उतरलेला असतो.

यापुढे महिन्याभरात संपेल एवढंच पेट्रोल ऑइल मिसळून ठेवा. ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमधलंच; इथेनॉल आहे म्हणून जास्त ओतलं तर त्या मापात पेट्रोल आणखी कमी होतं आणि मशीन अजून लीन चालतं. हंगाम संपला की टाकी ओता, कार्ब्युरेटरजवळचा रबरी बल्ब दाबून नळी रिकामी करा, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग चोक लावून परत एकदा दोरी ओढा, उरलंसुरलं निघून जाईल.

कार्ब्युरेटर उघडलात की डायफ्राम आणि प्लगचा फोटो इथे टाका, मॉडेलही लिहा. किट कुठलं लागेल ते सांगतो.